धान्यातले कुलूप आणि बुरशीची किल्ली

व्याख्यानमालेच्या पत्रकात माझा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस कोंबडीच्या खाद्यावर काय बोलणार? माझी शाळा सातवीला संपली. रसायनशास्त्राचे जे दोन शब्द मला कळतात ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून विचारून मिळवलेले आहेत. परंतु ज्या मालाची पोती माणसाच्या पाठीवरून जातात, त्या पोत्यात काय आहे हे त्या माणसाला कळले पाहिजे, असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे. आज जी वस्तू मी सांगणार आहे ती एक टन खाद्यात मूठभरच पडते. पण त्या मुठीत शेतकऱ्याचा पैसा आहे, देशाचे परकीय चलन आहे आणि कामगाराचा श्वासही आहे.

प्रथम स्फुरदाविषयी. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी शेतकऱ्याला तोंडपाठ असते. त्यातले स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. जनावराच्या अंगात जेवढे स्फुरद असते त्यातले शेकडा ८० हून अधिक हाडांत असते. उरलेले प्रत्येक पेशीत, रक्तात, दुधात. ते कमी पडले की वासराची हाडे वाकतात, कोंबडीचे पिल्लू पायांनी लुळे होते, गाय लाकूड, चिंध्या, हाडके चघळू लागते. दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या आरंभी हजारो गुरे लुळी पडून मरत. सर आर्नोल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास त्याचा उलगडा केला. रानातल्या गवतात स्फुरद कमी, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळत आणि त्या सडक्या हाडांतील विषाने मरत. हाडांचे पीठ चारताच हाडे चघळणे थांबले. आपल्याकडे म्हैस व्याल्यानंतर कधी कधी तांबडी लघवी करते, त्याच्याही मुळाशी पुष्कळदा स्फुरदाची उणीवच असते.

याच स्फुरदाला दुसरा एक इतिहास आहे, तोही ऐकून ठेवा. १६६९ साली हँबुर्गच्या हेनिग ब्रांटने ते मूत्र आटवून प्रथम वेगळे काढले. पुढे त्याच्या आगकाड्या झाल्या. घराघरांत सोयीने दिवा लागू लागला, पण काड्या बनविणाऱ्या पोरींच्या जबड्याची हाडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कुजू लागली. १८८८ साली लंडनच्या आगपेटी कारखान्यातील मुलींनी संप केला. १९०६ साली बर्न येथील कराराने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आली. वस्तू चांगली होती, पण तिचा उपयोग एकाच्या वाट्याला गेला आणि उपद्रव दुसऱ्याच्या. ही वाटणी ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता कुलपाकडे वळू. झाड आपल्या बीत पुढच्या रोपासाठी शिदोरी बांधून ठेवते. स्फुरदाची शिदोरी ज्या गाठोड्यात असते त्याला फायटिक आम्ल म्हणतात. सहा खुंट्यांचे एक कडे आहे आणि प्रत्येक खुंटीला फॉस्फेटचे एकेक गाठोडे टांगले आहे, अशी कल्पना करा. धान्य आणि पेंड यांतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद या रूपात असते. १०० किलो मक्यात साधारण २८० ग्रॅम स्फुरद असते, त्यातले २०० ग्रॅमच्या आसपास कुलपात. सोयाबीनच्या पेंडीत १०० किलोला ६५० ग्रॅमच्या घरात, त्यातलेही निम्म्याहून अधिक कुलपात. आपल्या ज्वारीची गोष्ट मक्याहून फार वेगळी नाही. आणि हे आम्ल नुसते स्फुरदच अडवीत नाही. चुना, जस्त, लोह हेही आपल्या खुंट्यांना पकडून ठेवते.

माणसालाही याचा जाच होतो. १९६१ साली इराणमधील शिराझ भागातल्या खुरट्या राहिलेल्या तरुणांविषयी डॉ. आनंद प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले. त्या तरुणांचा आहार बहुतेक बिनआंबवलेल्या रोटीचा होता; त्या रोटीतील फायटिक आम्ल जस्त अडवून ठेवते, हे पुढील संशोधनात स्पष्ट झाले. आपल्या आयाबायांनी रसायनशास्त्र न वाचताच यावर तोड काढून ठेवली आहे. मटकीला मोड आणले, ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून आंबील केली, की हे कुलूप काही अंशी उघडते. कारण बी अंकुरताना आपली किल्ली स्वतःच तयार करते; नाहीतर रोपाला शिदोरी मिळायची कशी? त्या किल्लीचे नाव फायटेज. हे एक एन्झाइम आहे, म्हणजे जिवंत पेशीने घडविलेले असे प्रथिन की जे एखादे रासायनिक काम झपाट्याने घडवून आणते आणि स्वतः खर्ची पडत नाही. शास्त्रीय मराठीत त्याला विकर म्हणतात. १९०७ साली सुझुकी या जपानी शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह तांदळाच्या कोंड्यात ते प्रथम दाखविले.

मग गाय-म्हैस आणि कोंबडी यांत फरक काय? फरक पोटाचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. ते फायटेज तयार करतात आणि धान्यातले बरेचसे कुलूप म्हशीसाठी उघडून देतात. कोंबडीला आणि डुकराला असे भाडेकरू नाहीत. त्यांच्या पोटातून ते कुलूप बहुतांशी जसेच्या तसे जाते आणि विष्ठेत पडते. म्हणजे खाद्यात स्फुरद भरपूर आणि पिल्लू मात्र उपाशी. गोदाम भरलेले, कुलूप लावलेले, आणि दाराशी माणसे उपाशी उभी! हे चित्र आम्हा चळवळीतल्या माणसांना अपरिचित नाही.

यावर खाद्य बनविणाऱ्यांनी सोपा उपाय काढला. कुलूप उघडत नाही ना, मग बाहेरून स्फुरद घाला. त्यासाठी डायकॅल्शियम फॉस्फेट नावाची पांढरी भुकटी मिसळतात. बाजारात तिला नुसते डीसीपी म्हणतात. ती हाडांपासून किंवा फॉस्फेटच्या खडकापासून होते. खडक आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला निघतो, पण देशाची गरज त्यावर भागत नाही. बराचसा माल बाहेरून येतो, आणि जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. हा खडक पुन्हा पिकवता येत नाही. तो खणायचा, जहाजाने आणायचा, कोंबडीला चारायचा. आणि धान्यातले फुकटचे स्फुरद उकिरड्यावर टाकायचे. याला व्यवहार म्हणावा काय?

येथे बुरशी येते. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी आपण सर्वांनी पाहिली आहे. हमालाचे हात तिने काळे होतात. ती अॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपली पाचक द्रव्ये बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचविते आणि मग शोषून घेते. आपल्याला तिचा उपयोग होतो तो याच सवयीमुळे, कारण बाहेर सोडलेले एन्झाइम गाळून घेता येते. बुरशीकडून असे काम करून घेण्याची युक्ती जुनी आहे. जोकिची ताकामिने यांनी गव्हाच्या कोंड्यावर तिची एक बहीण वाढवून पाचक एन्झाइम काढले आणि १८९४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळविले.

फायटेजसाठी नेमकी कोणती बुरशी बरी, याचा शोध अमेरिकेत झाला. शिए आणि वेअर या दोघांनी दोन हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासून १९६८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पहिली ठरली ती काळ्या बुरशीच्याच कुळातली एक जात. १९७१ पर्यंत नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एन्झाइम पिल्लांना चारून दाखविले की धान्यातले स्फुरद खरोखर सुटते आणि हाडांत जाऊन बसते. तरीही ही विद्या पुढे वीस वर्षे कपाटात पडून राहिली. कारण साधे होते. किल्ली महाग आणि डीसीपी स्वस्त. जोवर विष्ठेतल्या स्फुरदाचे पैसे कोणाला मोजावे लागत नव्हते, तोवर ते वाया गेले काय आणि राहिले काय, मालकाला सारखेच.

चक्र फिरले ते हॉलंडमध्ये. देश लहान, डुकरे आणि कोंबड्या अपार, आणि त्यांची विष्ठा टाकायला जमीन अपुरी. तिच्यातले स्फुरद कालव्यांत आणि तळ्यांत उतरले, शेवाळ माजले, शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला आणि मासे मेले. १९८० नंतरच्या दशकात सरकारने जमिनीवर किती फॉस्फेट टाकावे यावर कायद्याने मर्यादा घातली. कायदा आला आणि कपाटातली विद्या बाहेर आली. १९९० साली सिमन्स आणि सहकारी यांनी प्रसिद्ध केले की या एन्झाइमने मांसाच्या कोंबड्यांच्या विष्ठेतील स्फुरद निम्म्याने आणि डुकरांच्या विष्ठेतील सुमारे एक तृतीयांशाने घटते. बुरशीतल्या त्या एन्झाइमच्या जनुकाच्या अनेक प्रती तिच्यात घालून उत्पादन वाढविले गेले, किंमत उतरली आणि १९९१ साली तो माल बाजारात आला. पुढे वेड्या गाईच्या रोगामुळे युरोपने २००१ च्या आरंभी जनावरांच्या मांस-हाडांचे पीठ पाळीव जनावरांच्या खाद्यातून बंद केले. हाडांतून मिळणारे स्फुरद गेले, त्याबरोबर फायटेजची मागणी आणखी वाढली. शास्त्र प्रयोगशाळेत जन्मते खरे, पण ते पुष्कळदा कायद्याच्या काठीने चालू लागते.

ही विद्या परदेशातच राहिली असे मात्र समजू नका. १९५० साली सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्या संग्रहात ५६३ क्रमांकाची अॅस्परजिलस नायजर आहे. डॉ. जे. एम. खिरे यांच्या गटाने तिच्यावर काम करून २००७ साली दाखविले की ही एकच बुरशी दोन प्रकारचे फायटेज तयार करते. त्यातले एक अतिशय आंबट द्रवात उत्तम चालते, दुसरे त्याहून कमी आंबट द्रवात. कोंबडीच्या पोटात आंबटपणा ठिकठिकाणी बदलत जातो, म्हणून या भेदाला महत्त्व आहे. त्याच गटाने पुढे ओलसर घन माध्यमावर ती वाढवून एन्झाइमचे उत्पन्न वाढविण्याचे प्रयोगही केले. गव्हाचा कोंडा आपल्याकडे कोणत्याही गिरणीत मिळतो. खडक मात्र मिळत नाही.

आता व्यवहार. फायटेजची ताकद वजनाने मोजत नाहीत, कामाने मोजतात. ठराविक उष्णतेला आणि आंबटपणाला एका मिनिटात ठराविक फॉस्फेट सोडवील तेवढे एक एकक. मांसाच्या कोंबडीच्या खाद्यात किलोला साधारण ५०० एकके घालतात, अंड्याच्या कोंबडीला ३०० च्या आसपास पुरतात. ५०० एककांनी एक टन खाद्यातले सुमारे एक किलो स्फुरद मोकळे होते. डीसीपीत शेकडा १८ स्फुरद धरले तर टनामागे साडेपाच किलो डीसीपी वाचले. मात्र तीन पथ्ये आहेत. एन्झाइम हे प्रथिन असल्यामुळे दाण्याच्या गोळ्या पाडताना ७०-८० अंशांच्या वाफेने ते मरू शकते. म्हणून लेप दिलेले दाणेदार एन्झाइम वापरावे, किंवा गोळ्या निवल्यावर पातळ एन्झाइम फवारावे. दुसरे, चुनखडी प्रमाणाबाहेर घातली तर चुना फायटिक आम्लाला घट्ट धरतो आणि किल्ली फिरत नाही. तिसरे, एन्झाइम घालूनही डीसीपी पहिल्याइतकेच ठेवले तर दोन्हींचे पैसे गेले.

दोन इशारेही देतो. पहिला म्हैसवाल्यांना. आपला कडबा, मग तो मोहोळच्या केंद्राने नाव केलेल्या मालदांडीचा का असेना, स्फुरदाने मुळातच दरिद्री असतो. तिथे कुलपाचा प्रश्नच नाही, गोदामच रिकामे. म्हशीला कोंडा, पेंड आणि खनिज मिश्रण हवे. तिच्या नावाने कोणी बुरशीची किल्ली विकू लागला तर आधी पशुवैद्याला विचारा. दुसरा इशारा सर्वांना. बुरशीचे एन्झाइम चांगले म्हणून बुरशी आलेली पेंड चांगली, असा अर्थ कोणी काढू नये. काळ्या बुरशीची एक पिवळसर-हिरवी बहीण भुईमुगावर वाढते आणि जहाल विष सोडते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ते विष जगाला कळले. एन्झाइम कारखान्यात निवडलेल्या बुरशीकडून काढून, गाळून, तपासून येते. बुरसटलेले पोते वेगळे आणि ते वेगळे.

पाण्याविषयी एक शब्द. सोलापूर उजनीचे पाणी पिते, आणि त्या जलाशयाच्या पाण्यावर शेवाळाचा हिरवा रंग चढतो. त्याचा मुख्य दोष वरच्या अंगाच्या शहरांतील सांडपाण्याचा आहे, कोंबडीच्या माथी तो मारणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे कोंबडखत डाळिंबाच्या आणि उसाच्या रानात जाते आणि आपली चुनखडीयुक्त काळी माती स्फुरद धरून ठेवते. परंतु शेडची गर्दी जेथे वाढेल आणि खत ओढ्याकाठी साचेल, तेथे हॉलंडचा धडा आपल्यालाही गिरवावा लागेल.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो त्या मुद्द्यावर येतो. ही किल्ली खाद्यात मिसळतो कोण? पोते फोडणारा, भुकटी मोजणारा, मिक्सरमध्ये ओतणारा आणि संध्याकाळी खाली सांडलेले झाडून काढणारा कामगार. अंडे खाणाऱ्याला या एन्झाइमचा धोका नाही; कोंबडीच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखे पचून जाते. पण तेच सूक्ष्म भुकटीच्या रूपाने फुप्फुसात गेले की गोष्ट बदलते. शरीर त्याला परका शत्रू समजते. पहिले काही महिने काही होत नाही; शरीर आतून चिडखोर होत असते. मग एके दिवशी शिंका, डोळ्यांना पाणी आणि छातीत शिट्टी वाजू लागते. एकदा चिडलेल्या छातीला पुढे किंचितशी धूळही पुरते.

हे तर्काने सांगत नाही. १९६९ साली इंग्लंडमध्ये धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यातील कामगारांना जंतूपासून काढलेल्या एन्झाइमने दमा झाल्याचे डॉ. फ्लिंट यांनी प्रसिद्ध केले. खाद्यातील फायटेजबाबतही १९९९ साली हॉलंडच्या संशोधकांनी ते हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखविली, आणि त्यानंतर जर्मनीतून त्यापासून झालेल्या दम्याची नोंद आली. धुण्याच्या पावडरीच्या धंद्याने यातून धडा घेतला. एन्झाइमवर लेप देऊन त्याचे दाणे केले, यंत्रे झाकली, हवेतील धूळ मोजली, आणि दम्याचे प्रमाण उतरले. म्हणजे उपाय ठाऊक आहेत, आणि ते परवडणारेही आहेत.

सोलापूरला छातीत गेलेल्या धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. १८७७ साली निघालेल्या जुन्या मिलपासून या गावाने कापसाची धूळ खाल्ली. सुट्टीनंतर सोमवारी पहिल्या पाळीला छाती जड होते, हे कामगाराला डॉक्टरच्या आधी कळत होते. विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूची धूळ, साखर कारखान्यावर बगॅसची धूळ. प्रत्येक वेळी आधी माणसे खोकली, आणि नंतर बऱ्याच वर्षांनी रोगाचे नाव कायद्याच्या यादीत गेले. या नव्या वस्तूच्या बाबतीत हा क्रम उलटा करण्याची संधी आहे. धोका आधीच माहीत आहे. खोकला सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून खाद्य बनविणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, मग तेथे दहा माणसे असोत की दोनशे, या गोष्टी मागाव्यात. एन्झाइम भुकटीऐवजी लेपाचे दाणेदार किंवा पातळ घ्यावे. पोते फोडण्याच्या जागी धूळ ओढून घेणारा पंखा आणि झाकण असावे. सांडलेला माल कोरड्या झाडूने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. शोषक यंत्राने घ्यावा किंवा ओल्या फडक्याने पुसावा. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवीत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क मालकाच्या खर्चाने आणि माणशी स्वतंत्र मिळाला पाहिजे. कामाला घेताना आणि पुढे दरवर्षी श्वासाची तपासणी व्हावी, आणि ज्याची छाती बिघडू लागेल त्याला पगार न तोडता दुसरे काम द्यावे. या शेवटच्या अटीवाचून बाकीच्या सर्व फोल आहेत, कारण काम जाईल या भीतीने माणूस खोकला लपवतो.

राहिला बचतीचा प्रश्न. टनामागे वाचलेल्या डीसीपीचे पैसे कोणाला मिळतात? जो शेतकरी स्वतः खाद्य भरडून मिसळतो त्याला ते थेट मिळतात. पण करारावर कोंबड्या वाढविणाऱ्याचे पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे. त्याच्या वाट्याला शेड, वीज आणि राबणूक. खाद्यातली बचत त्याच्या हिशेबात आपोआप उतरत नाही. दर ठरविताना खाद्यात काय घातले आणि त्याने काय वाचले हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. आणि चार शेड मिळून विचारले तर उत्तर लवकर मिळते, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे.

बंधुभगिनींनो, कांद्यावरच्या काळ्या बुरशीने एक कुलूप उघडून दाखविले, ही माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई आहे. मी तिचे मनापासून स्वागत करतो. जमिनीतला खडक वाचेल, पाणी वाचेल, पिल्लाच्या पायात बळ येईल. फक्त आगकाडीच्या वेळी झाली ती वाटणी पुन्हा होऊ देऊ नका. किल्ली ज्याच्या हातून खाद्यात पडते, त्याचा श्वास मोकळा राहिला पाहिजे. एवढे पाहणे शास्त्रज्ञाच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.